वीजबिल आजोबांच्या नावावर, म्हणून कंपनीचा अर्ज परत: गुंता असा सुटला

लक्षण: लातूर तालुक्यातल्या गावठाणातलं घर नोंदणीकृत कार्यालय दाखवलं, की कंपनी नोंदणीचा स्पाइस प्लस अर्ज शेरा मारून परत. वीजबिलावर दिवंगत आजोबा, ना-हरकत पत्रावर वडिलांची सही. वारसाचं प्रतिज्ञापत्र जोडलं, चाललं नाही. तलाठ्याचा ८-अ उतारा जोडला, तोही नाही. तो शेतजमिनीचा, घराचा नव्हे. दोन महिने नुसता वैताग.

चाललं ते असं. आधी ग्रामपंचायतीत मृत्यूदाखला आणि वारसांची संमती देऊन घराची वारसनोंद केली, नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा, नवा उतारा काढला. तो लावून महावितरणकडे जोडणीचं नाव बदललं. मग नव्या नावाचं पहिलं बिल येईपर्यंत थांबायचं. अर्जाच्या दिवशी बिल दोन महिन्यांहून जुनं नको. ना-हरकत पत्र त्यानंतरच. घर क्रमांक अर्ज, बिल आणि पत्र तिन्हींवर अक्षरशः एकच हवा. एकीकडे ११२/१ अन् दुसरीकडे नुसतं ११२ असलं, की पुन्हा शेरा.

घाईच असेल तर अर्जात फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता द्या आणि नोंदणीपासून ३० दिवसांत आयएनसी-२२, म्हणजे नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कळवायचा फॉर्म, भरा. ते राहिलं, तर १८० दिवसांत भरायची व्यवसाय सुरू करण्याची घोषणा, म्हणजे आयएनसी-२०ए, अडकते.