कुल्लूचा दसरा आणि लाहौलची पिवळी झाडं, दोन्ही एकाच ट्रिपमध्ये कसं जमवायचं

ऑक्टोबरमध्ये हिमाचलला जायचं ठरलं की बरेच जण आधी ऑफिसात सुट्टी टाकतात, मग तिकीट काढतात आणि सगळ्यात शेवटी विचारतात की तेव्हा तिकडे बघण्यासारखं काय असतं. ह्या ट्रिपला हा क्रम चालत नाही. कुल्लूचा दसरा पंचांगाप्रमाणे येतो आणि मनालीच्या पलीकडे, डोंगराआड असलेल्या उंच लाहौल खोऱ्यातली झाडं थंडीप्रमाणे पिवळी पडतात, त्यामुळे दोन्ही बघायचं असेल तर आधी कॅलेंडर घेऊन बसा आणि सुट्टी नंतर टाका.

आता हे बघा. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२३ ला अधिक महिना आल्यामुळे २४ ऑक्टोबरला गेला होता, २०२६ ला पण अधिक ज्येष्ठ आहे म्हणून तो २० ऑक्टोबरला येतोय, आणि २०२७ ला परत मागे सरकून ९ ऑक्टोबर. म्हणजे तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. झाडांचं तसं नाही, लाहौलमध्ये रंग साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चढायला लागतो आणि तिसऱ्या आठवड्यानंतर पानं झपाट्याने गळतात, थंडी लवकर पडली किंवा उशिरा पडली तर चार-सहा दिवस इकडे तिकडे, बस. तर दसरा लवकर असेल त्या वर्षी आधी कुल्लूला उत्सव बघायचा आणि मग वर लाहौलला जायचं, दसरा उशिरा असेल तर उलट, आधी लाहौल गाठायचं आणि उतरत उतरत दसऱ्याला कुल्लूत पोचायचं. २०२६ साठी माझं मत स्पष्ट आहे, १४-१५ ऑक्टोबरला लाहौलमध्ये असा आणि २० तारखेला कुल्लूत. दसऱ्यानंतर वर जाऊ म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी नुसत्या काड्या दिसतील. ९ तारखेसारखा मधला दसरा असेल तर सोन्याहून पिवळं, पहिला दिवस बघा, वर जाऊन तीन-चार रात्री राहा आणि शेवटच्या दिवसाला परत खाली या.

हे जमतं कारण कुल्लूचा दसरा एका दिवसाचा नाही. बाकी ठिकाणी विजयादशमीला उत्सव संपतो, कुल्लूत तो त्या दिवशी सुरू होतो आणि सात दिवस चालतो. घरचे घट उठल्याशिवाय निघता येत नसेल तर पहिला दिवस हुकेल हे खरं, पण पुढचे सहा दिवस हातात असतात, त्यामुळे मन खट्टू करू नका.

आधी उत्सवाबद्दल सांगते, कारण तिथे काय बघायचं हे माहीत नसेल तर माणूस जत्रेतल्या दुकानांमध्ये फिरून परत येतो आणि म्हणतो की गर्दीच फार होती.

इथे रावण जाळत नाहीत. उत्सवाचा मुख्य देव रघुनाथजी. सतराव्या शतकात राजा जगतसिंह ह्यांच्या काळात ही मूर्ती अयोध्येहून कुल्लूला आणली आणि राजाने राज्यच देवाच्या नावावर केलं असं मानतात, म्हणून खोऱ्यातल्या गावोगावच्या देवता दसऱ्याला रघुनाथजींच्या भेटीला येतात. एक-दोन नाही, दोनशेच्या वर देवता, प्रत्येक देवता आपापल्या गावाहून लोकांच्या खांद्यावर बसून येते, लांबच्या गावांना चालत यायला काही दिवस लागतात. मनालीची हिडिंबा देवी आल्याशिवाय उत्सव सुरू होत नाही, तिला राजघराण्याची आजी मानतात आणि तसाच तिचा मान असतो.

पहिल्या दिवशी दुपारनंतर कुल्लूतल्या ढालपूर मैदानावर रघुनाथजींची मूर्ती लाकडी रथात बसवतात. डोंगरावरच्या भेखली मातेकडून इशारा आला की रथ हलतो, मग दोरखंडाला हजारो हात लागतात आणि रथ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातो. जागा धरायची तर दुपारी लवकर जा आणि रथाच्या अगदी वाटेत उभे राहू नका, थोडं उंचावर, पायऱ्या किंवा कठडा मिळाला तर उत्तम. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर ह्या एका दिवशी लांबूनच बघा, रेटारेटी खरंच असते.

पण मला विचाराल तर खरा दसरा दुसऱ्या दिवसापासून पुढे आहे, सकाळी आणि संध्याकाळी. सगळ्या देवता मैदानावर आपापल्या तंबूत मुक्कामाला असतात आणि गावची माणसं सातही दिवस त्यांच्याजवळ राहतात, तिथेच चूल, तिथेच झोप. सकाळी आठ-साडेआठला जाऊन कुठल्याही एका तंबूबाहेर शांतपणे बसा. देवाच्या पालखीला तिकडे रथच म्हणतात आणि त्याच्यावर धातूचे मुखवटे रांगेने लावलेले असतात, त्यांना मोहरे म्हणतात. काही चांदीचे, काही सोन्याचा मुलामा दिलेले, जवळून बघितलं की वर्षानुवर्षं हात लागून नाकाचा शेंडा आणि गाल गुळगुळीत झालेले दिसतात. त्याच्याखाली रंगीत रेशमी कापडांच्या घड्या आणि झेंडूच्या माळा. आरतीची वेळ झाली की करनाल आणि रणशिंग वाजायला लागतं, शेजारच्या तंबूतून दुसरं, मग तिसरं, आणि पाच मिनिटांत अख्खं मैदान त्या आवाजाने भरतं. खांद्यावर घेतलेला रथ झुकतो, डोलतो, दुसऱ्या देवतेच्या रथाला भेटतो, गावकरी म्हणतात देव स्वतः हलतो. देवाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला गुर म्हणतात आणि व्यवस्था बघणाऱ्याला कारदार, काही विचारायचं असेल तर कारदाराला विचारा, आदराने विचारलं तर लोक मनापासून सांगतात, कुठलं गाव, किती चालून आले, देवीची बहीण कोण, सगळं.

तिथे वागण्याचं भान ठेवा. रथाला हात लावू नका, शक्यतो चामड्याचा पट्टा आणि पाकीट घेऊन खेटून उभे राहू नका, बूट लांब काढा आणि फोटो विचारून काढा. हा देखावा म्हणून मांडलेला कार्यक्रम नाही, ती त्यांची पूजा चालू आहे.

सहाव्या दिवशी सगळ्या देवता एकत्र जमतात, त्याला मोहल्ला म्हणतात. सातव्या दिवशी रघुनाथजींचा रथ बियास नदीच्या काठाकडे नेतात, तिथे झुडपं आणि गवत पेटवून लंकादहन होतं आणि मग देवता आपापल्या गावी परत निघतात. वेळ कमी असेल तर पहिला दिवस किंवा शेवटचा दिवस ह्यातला एक आणि त्याच्या जोडीला मधली एक निवांत सकाळ, एवढं मिळालं तरी दसरा बघितल्यासारखा आहे. संध्याकाळी ढालपूरलाच कलाकेंद्रात नाटी (तिकडचं लोकनृत्य) आणि गाण्यांचे कार्यक्रम असतात, ते आवडत असतील तर बघा. जत्रेतली खरेदी मी शेवटच्या दिवसांवर ठेवीन, बाजार उत्सवानंतरही काही दिवस चालू असतो, शाल घ्यायची तर हातमागाची कुल्लू शाल विणकरांच्या सोसायटीच्या दुकानातून घ्या.

आता झाडं. पानं पिवळी का पडतात हे एकदा समजलं की कुठे कधी जायचं हे आपोआप कळतं. दिवस लहान झाले आणि रात्री गार पडल्या की झाड पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं, हिरवा रंग उतरतो आणि पानात आधीपासून असलेला पिवळा रंग वर दिसतो. उंचावर थंडी आधी येते म्हणून रंग पण आधी तिकडे, मग तो आठवड्या-आठवड्याने खाली उतरत येतो. त्यामुळे ३१०० मीटरच्या आसपासचं केलाँग आणि सिस्सू ऑक्टोबरच्या मध्यात भरात असतं तेव्हा १२०० मीटरवरचं कुल्लू अजून बरंचसं हिरवं असतं, आणि कुल्लूच्या वरच्या अंगाला नग्गर, जगतसुख ह्या पट्ट्यातल्या सफरचंदाच्या बागा, अक्रोड वगैरे ऑक्टोबरच्या शेवटी ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला रंगतात. मनालीचं देवदारचं जंगल मात्र बाराही महिने हिरवं, तिथे पिवळी झाडं शोधत फिरू नका.

लाहौलला पूर्वी रोहतांगची खिंड ओलांडून जावं लागायचं, ३ ऑक्टोबर २०२० ला अटल टनेल सुरू झाला आणि सगळं बदललं. नऊ किलोमीटरचा बोगदा, त्याला परमिट लागत नाही (रोहतांगच्या माथ्यावर जायचं असेल तर लागतं), एका बाजूने आत शिरताना आजूबाजूला दाट हिरवं जंगल आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलात की उघडे तपकिरी डोंगर. पलीकडे पाऊस फारसा पोचत नाही, झाडं बहुतेक करून नदीकाठाला, गावाजवळ आणि शेताच्या पाटांच्या कडेने लोकांनी लावलेली, आणि म्हणूनच तिथला पिवळा इतका उठून दिसतो, मागे तपकिरी डोंगर, वर बर्फ आणि निळं आकाश. बहुतेक झाडं विलो आणि पॉपलर. विलोच्या फांद्या चाऱ्यासाठी आणि जळणासाठी छाटतात त्यामुळे बुंधा जाडजूड, गाठाळ आणि वर बारीक फांद्यांचा झुपका, आणि पॉपलर सरळसोट उंच, त्याच्या पानांचे देठ चपटे असतात म्हणून अगदी थोड्या वाऱ्यावर सुद्धा सगळं झाड थरथरतं. जमिनीलगतची झुडपं लाल होतात आणि छरम्याच्या (सी-बकथॉर्नच्या) काटेरी झाडांना केशरी फळं लागलेली असतात.

बहुतेक लोक मनालीहून सकाळी निघून सिस्सूचा धबधबा लांबून बघतात आणि संध्याकाळी परत येतात. माझा आग्रह आहे की किमान दोन रात्री पलीकडे राहा. दरी अरुंद आहे, सकाळी ऊन खाली उतरायला वेळ लागतो आणि दुपारी ते डोंगराआड लवकर जातं, झाडं सगळ्यात सुंदर दिसतात ती ऊन तिरकं असताना आणि ते पानांच्या मागून येत असताना, म्हणजे ऊन दरीत उतरतं तेव्हा आणि दुपारी तीननंतर. नेमक्या त्याच वेळी दिवसाभराची मंडळी एक तर टनेलमध्ये असतात नाहीतर परतीच्या घाईत.

सिस्सूत एक रात्र, केलाँगला एक किंवा दोन, असं धरा. वाटेत तांदीला चंद्रा आणि भागा ह्या नद्यांचा संगम आहे, तिथून पुढे ती चंद्रभागा, आपल्याला पंढरपूरमुळे ते नाव ऐकूनच बरं वाटतं, आणि पुढे तीच चिनाब. तांदीहून डावीकडे चंद्रभागेच्या काठाने गेलात की त्रिलोकनाथ आणि उदयपूर. त्रिलोकनाथच्या मंदिरात हिंदू आणि बौद्ध दोघंही एकाच मूर्तीची पूजा करतात आणि उदयपूरच्या मृकुला देवीच्या देवळात आत लाकडावर जे कोरीवकाम आहे त्यासाठी टॉर्च घेऊन जा, अंधार असतो. हा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम आहे पण रस्ताभर झाडंच झाडं, माझ्या मते लाहौलमधला सगळ्यात चांगला दिवस हाच. वेळ उरला तर केलाँगसमोरची कारदंग गोम्पा (बौद्ध मठ) किंवा वर जिस्पा गाव. चंद्रताल सरोवराचा मोह ह्या ट्रिपमध्ये नको, तिकडचे कॅम्प ऑक्टोबरमध्ये गुंडाळायला लागतात आणि दिवस फुकट जातात.

उंचीचं हलक्यात घेऊ नका. टनेलमुळे मनालीहून तासाभरात हजार मीटर वर पोचतो आपण, शरीराला ते कळायला वेळ लागतो. आधी मनालीत एक रात्र झोपा, मग वर जा, पहिल्या दिवशी पळापळ नको, पाणी भरपूर प्या. डोकं दुखून मळमळायला लागलं आणि थांबतच नसेल तर रात्र काढायची वाट न बघता खाली मनालीला या. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. कपड्यांचं म्हणाल तर दिवसा उन्हात एक स्वेटर पुरतो आणि रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, त्यामुळे थर्मल, कानटोपी, हातमोजे हवेतच.

राहण्याचं आणि प्रवासाचं पटकन सांगते. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, मुंबई-पुण्याहून चंडीगढ, अंबाला किंवा दिल्ली गाठा, पुढे रात्रीची बस. कुल्लूजवळ भुंतरला विमानतळ आहे पण हवा बिघडली की फ्लाइट रद्द होते, तिच्यावर सगळी ट्रिप टांगून ठेवू नका. दसऱ्याच्या आठवड्यात कुल्लू गावातल्या खोल्या महाग आणि भरलेल्या, ट्रॅफिक पण तुंबतं, त्यापेक्षा नग्गर किंवा पतलीकूहलकडे राहा आणि बसने ढालपूरला जा. लाहौलमध्ये होमस्टे घ्या, हॉटेलपेक्षा बरे, आणि ऑक्टोबर संपत आला की काही बंद होतात म्हणून आधी फोन करून खात्री करा. त्याच फोनवर आजचा झाडांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा म्हणून सांगा, निघायच्या आठ दिवस आधी तो फोटो बघितला की सिस्सूत जास्त राहायचं की केलाँगला ते ठरवता येतं. रोख पैसे मनालीतच काढून ठेवा.

ऑक्टोबरमध्ये हवा बहुतेक कोरडी आणि स्वच्छ असते, पण त्याआधीच्या पावसाळ्यात मंडी-मनाली रस्ता बऱ्याचदा खचतो, २०२३ आणि २०२५ ला तर फार नुकसान झालं होतं, आणि दुरुस्ती चालू असेल तर बस तीन-चार तास उशिरा पोचते. म्हणून परतीच्या ट्रेन किंवा फ्लाइटच्या आधी एक आख्खा दिवस मोकळा ठेवा आणि तो नग्गरला घालवा, जुना लाकूड-दगडाचा किल्ला आहे, चित्रकार निकोलस रोरिक ह्यांचं घर आणि गॅलरी आहे, आणि दसरा उशिराचा असेल तर तोपर्यंत रंग उतरत उतरत तिथल्या बागांपर्यंत आलेला असतो.