गुरांमागचे पक्षी: निरीक्षण कसे करावे

पाऊस स्थिरावून पडीक रानात गवत गुडघाभर वाढले, की विदर्भातल्या गावोगावच्या आखरावरून, म्हणजे गुरे गोळा होण्याच्या जागेवरून, निघणाऱ्या गुरांमागे गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल हमखास दिसू लागतात. हे सगळेच पक्षी गोचीड वेचून गुरांवर उपकार करतात, असा सर्रास समज आहे. तो तपासायचा असेल, तर पक्षी कुठे बसला यापेक्षा त्याची चोच कुठे जाते ते पाहावे.

सकाळी गुरे चरत असताना कळपात न शिरता वीस-पंचवीस पावलांवर उभे राहावे आणि गुराख्याला आधी सांगून ठेवावे, कारण अनोळखी माणसाला गुरे बुजली की पक्षीही उडतात. एकच गायबगळा निवडून पाच मिनिटे त्याच्यावर नजर ठेवावी. तो गाईच्या तोंडाजवळ किंवा पुढच्या पायांलगत चालतो; खूर पडताच गवतातून नाकतोडा उसळतो, बगळ्याची मान ताठरते, किंचित डोलते आणि चोच झपकन खाली जाते. त्याने किती किडे टिपले ते वहीत लिहावे, मग गुरांपासून दूर एकट्या फिरणाऱ्या बगळ्याची तेवढ्याच वेळाची नोंद घ्यावी. गुरांसोबतच्या बगळ्याला सहसा कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते. नांगरणी चालू असली, की हेच बगळे ट्रॅक्टरमागेही गर्दी करतात, यावरून त्यांना ओढ कशाची आहे ते कळते. लाभ बगळ्याचा होतो, गाईचे मात्र फारसे काही बनत नाही की बिघडत नाही. या नात्याला सहभोजिता म्हणतात. कोतवालही त्यातलाच, कारण म्हशीची पाठ त्याला केवळ उडते किडे टिपण्यासाठी बसायची जागा असते.

साळुंकी आणि कावळा यांच्याकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे. त्यांची चोच कानात, मानेखालच्या पोळीवर किंवा शेपटीच्या बुडाशी वळत असेल, तर ते गोचीड वेचत असण्याची शक्यता आहे आणि तेवढ्यापुरता लाभ दोघांचाही आहे. तरीही या नात्याला सरसकट मैत्री म्हणणे मला घाईचे वाटते. आफ्रिकेतील ऑक्सपेकर हा पक्षी गोचीड खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे, पण झिम्बाब्वेत बैलांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या पक्ष्यांना दूर ठेवल्याने गोचिडांची संख्या लक्षणीय वाढली नाही, उलट पक्षी येत असलेल्या बैलांच्या जखमा उघड्या राहिल्या.

आपल्याकडचा कावळाही जनावराच्या जखमेवर टोचा मारतो. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा चोच मारताना दिसला, तर ती जागा लगेच तपासावी, जखम असल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध लावावे आणि ती भरेपर्यंत जनावर गोठ्यात बांधावे. गोचिडांचा बंदोबस्तही पक्ष्यांवर सोडू नये; रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावरावरून गळून गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून त्या भेगा आधी बुजवाव्यात.