सर्वांगीण विकास: नोंदी पूर्ण, मूल अर्धवट. शिक्षकांनो, या चुका टाळा

माझ्या कपाटात तिसरीच्या वर्गाची एक जुनी नोंदवही आहे. पटावर ३२ मुलं. त्यातल्या १९ जणांपुढे एकच वाक्य: ‘नीटनेटका राहतो, इतरांना मदत करतो.’ मुलींपुढे ‘राहते’, ‘करते’, एवढाच काय तो फरक. दोन मुलींपुढे तर ‘राहतो’च राहून गेलंय. ही वही मीच भरली, एप्रिलमधल्या एका रात्रीत, मित्राने पाठवलेल्या तयार नोंदींच्या पीडीएफवरून. तपासणीत तिला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला.

मुलाचा सर्वांगीण विकास ही हौशी शिक्षकांची कल्पना नाही, ती कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सर्वांगीण विकास, शक्य तिथे मातृभाषेतून शिक्षण, भीती आणि दडपणातून मुलाची सुटका, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन हे सगळं एकाच यादीत दिलंय. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानंतर ‘समग्र प्रगतिपत्रक’ हा शब्द आला. प्रत्येक वेळी आपण शिक्षक एकच अर्थ काढतो: आणखी एक तास, आणखी एक उपक्रम, भरायची आणखी एक लिंक. माझ्या मते बिघाडाचं मूळ तिथेच आहे. वेळापत्रकात काही वाढवायची गरज नसते. आहे त्याच दिवसात, त्याच ३२ मुलांकडे आपण बघत नाही. पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

विशेषणांची नोंद

आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्षभर, शिकता शिकता होणारं मूल्यमापन. त्याची साधनं आठ. त्यांत दैनंदिन निरीक्षण पहिलं, आणि कागदावर उरकलं जातं तेही हेच. पहिली-दुसरीला आकारिकचा भारांश ७० टक्के, सातवी-आठवीला ४०. म्हणजे लहान वर्गांत मुलाचं बहुतांश मूल्यमापन आपल्या डोळ्यांवर सोपवलेलं आहे, आणि आपण ते पीडीएफवर सोपवतो.

‘सहकार्य करते’ ही नोंद नाही, तो शेरा झाला. नोंद अशी: ‘४ ऑगस्ट. नळापाशी रांग मोडली. पहिलीच्या दोघींना पुढे घेतलं, स्वतः शेवटी प्यायली.’ तारीख, जागा, काय घडलं. विशेषण नाही.

मी आता खिशात एक कार्ड ठेवतो. त्यावर रोज चारच नावं. त्या दिवशी त्या चौघांकडे जरा जास्त लक्ष, प्रत्येकाबद्दल एक ओळ, तीही मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना. ३२ मुलं आठ दिवसांत पूर्ण होतात. महिन्यातून दोनदा तरी प्रत्येकावर नजर पडते. हे रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त काम नाही, आणि एप्रिलची ती रात्र वाचते ती वेगळीच.

नोंदी बिघडल्यात का हे तपासायचं असेल तर नाव बोटाने झाकून ओळ वाचून दाखवा आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना विचारा, हे कोण? ओळखता आलं तर नोंद खरी. आणखी एक: महिनाअखेरीला कोणाची पानं कोरी आहेत ते बघा. माझ्याकडे दरवेळी त्याच त्या पाच-सहा मुलांची असायची. ना हुशार, ना मस्तीखोर, वेळेवर येणारी, डबा खाऊन हात धुणारी. त्यांचा काही त्रास नाही म्हणून ती दिसतच नव्हती.

डोळे, कान, पोट यांच्याकडे दुर्लक्ष

ही चूक अजून मनाला टोचते. चौथीतला एक मुलगा फळ्यावरचं लिहून न घेता सारखा शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. मला वाटलं, कॉपी करतोय. दोनदा बजावलं आणि मग शिक्षा म्हणून शेवटच्या रांगेत एकटा बसवला. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, तपासणीत नजर कमी निघाली. फळा दिसत नव्हता म्हणून तो वहीत बघत होता. मी त्याला फळ्यापासून आणखी दूर नेऊन ठेवला होता.

तेव्हापासून जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मी एक साधी चाळणी लावतो. फळ्यावर ओळीने अक्षरं, मूल शेवटच्या बाकापाशी, आधी एक डोळा झाकून आणि मग दुसरा. कानासाठी मुलाच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात दोन-तीन शब्द म्हणायचे आणि त्याने ते परत म्हणायचे. हे निदान नव्हे, आपण डॉक्टर नाही. पण कोणाला पुढे पाठवायचं ते कळतं. वह्यांमध्येही खुणा सापडतात: घ आणि ध, भ आणि म यांची सतत अदलाबदल, ओळ सुटणं, तेही फळ्यावरून उतरवतानाच आणि पुस्तकातून उतरवताना नाही. प्रत्येक प्रश्नाला ‘आँ?’ म्हणणारं किंवा एकच बाजू पुढे करणारं मूल उद्धट असेलच असं नाही. कान वाहतोय का ते बघा.

हे पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी जे गैरहजर राहतं ते मूल पूर्ण वर्ष निसटतं, आणि गैरहजर नेमकं तेच असतं ज्याची तपासणी व्हायला हवी. म्हणून त्या दिवशीच्या गैरहजर मुलांची यादी वेगळी ठेवा आणि त्यांना पालकांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. यादी बनवायला पाच मिनिटं लागतात. पाठपुरावा मात्र चिवटपणे करावा लागतो, ‘जातो की गुरुजी’ असं म्हणून लोक जात नाहीत.

पोटाचं वेगळं आहे. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि ४५० उष्मांक धरलेत, पण ते मधल्या सुट्टीत. आईबाप सकाळी सहाला मजुरीवर गेले असतील तर मूल तोवर चहावरच असतं. ‘सकाळी काय खाल्लं?’ असं वर्गात सगळ्यांसमोर विचारू नका. सगळे पोळी-भाजीच सांगतात. कोण साडेअकरापासूनच दाराकडे बघायला लागतो ते पाहा आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंना सांगून ठेवा की त्याला खिचडी पहिल्यांदा वाढा, पुन्हा लागली तर न विचारता वाढा.

‘नीट बोल’

माझी पहिली नेमणूक धुळे जिल्ह्यात होती. पहिलीतली एक मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मना बाप वावरमा गया.” मी म्हणालो, “माझे बाबा शेतात गेले, असं म्हण.” तिने ते म्हटलं आणि जागेवर जाऊन बसली. नंतर कित्येक दिवस ती आपणहून काही सांगायला आली नाही. बाप वावरात गेला, मग पुढे काय, हे मला कधीच कळलं नाही.

अहिराणी तरी मराठीच्या जवळची. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, धडगावकडचं पावरी बोलणारं, तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं, यांना शाळेची भाषा जवळजवळ परकीच असते. अशी मुलं कित्येक महिने गप्प राहतात आणि आपण नोंदवहीत लिहितो ‘अबोल’. मूल अबोल नसतं, आपल्याला त्याची भाषा येत नसते. बदलून गेल्यावर पहिल्या महिन्यात घरातले, अंगाचे, खाण्याचे, दुखण्याचे पन्नासेक शब्द लिहून घ्या. चौथी-पाचवीतली मुलं आनंदाने शिकवतात, आपल्या उच्चारांवर पोट धरून हसतात आणि गुरुजींनाही चुकता येतं हे त्यांना दिसतं. दुरुस्ती करायचीच असेल तर उत्तरातून करा: “बाबा शेतात गेले? मग तुला शाळेत कोणी सोडलं?” तिची गोष्ट पुढे जाते आणि शब्दही कानावर पडतो.

हात रिकामे आहेत असं समजणं

कार्यानुभव म्हटलं की आइस्क्रीमच्या काड्या, फेविकॉल आणि जिलेटिनचा कागद. साठ रुपयांचं सामान बाप आणतो, वस्तू आई करते आणि श्रेणी मुलाला मिळते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हस्तोद्योग हा वेगळा विषय नव्हता. त्यातूनच बाकीचे विषय शिकायचे होते. पुढे बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुलं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. मुलाचं काम हा त्यांना अडथळा वाटला नाही.

आमच्या पाचवीत एका मुलाला दशांश अपूर्णांक काही केल्या येईनात. तोच रोज सकाळी डेअरीवर किटली घेऊन जायचा आणि पावती आणायचा. फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५ झालं तर दर काय, एका पॉइंटला किती पैसे कापतात, कालपेक्षा आज बिल कमी का, हे त्याला तोंडपाठ. फळ्यावरच्या ३.५ चं आणि पावतीवरच्या ३.५ चं नातं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आठवडाभर पावत्याच गोळा केल्या. बेरीज-वजाबाकी चार दिवसांत बसली. गुणाकार अजून चुकतो, खोटं कशाला सांगू.

खेळाचा तास कापणं

गृहपाठ नाही केला, बस आत. गणित राहिलं, पीटीचा तास गणिताला. ज्या मुलाला चाळीस मिनिटं एका जागी बसवत नाही त्याचंच पळणं आपण काढून घेतो आणि पुढच्या तासाला तो आणखी वळवळतो. खेळाचा तास बक्षीसही नाही आणि दंडही नाही. मारणं आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलंय हे सगळ्यांना माहीत असतं, पण चारचौघांत ‘ढ’ म्हणणं त्यातच येतं हे सोयीने विसरलं जातं.

त्याच त्या आठ मुलांचं गॅदरिंग

नाच करणारी तीच, भाषण करणारी तीच, पाहुण्यांना गुच्छ देणारीही तीच. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि गॅदरिंग यांची मिळून एक यादी करा आणि प्रत्येक नावापुढे खुणा करा. माझ्या यादीत एका मुलीपुढे अकरा खुणा होत्या आणि १४ मुलांपुढे एकही नाही. ‘त्यांना पडदा ओढायला देऊ’ हा उपाय नव्हे, आपली सुटका आहे. स्टेजपेक्षा शनिवारचे दप्तराविना दोन तास बरे. माईक नाही, फोटो नाही, पाहुणे नाहीत. कोणी कोंबडीचा आवाज काढतं, कोणी सायकलची चेन बसवून दाखवतं. व्हॉट्सॲप गटावर टाकण्यासारखं काही हाती लागत नाही, आणि वरून विचारणा होते हेही खरं. मी वर्गाचा एकच फोटो टाकतो आणि गप्प बसतो.

परिपाठातल्या बोधकथेबद्दल लांबण लावत नाही. वेळेचं महत्त्व सांगणारी कथा चालू असते आणि पाच मिनिटं उशिरा आलेलं, धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेलं मूल फाटकाबाहेर उभं असतं. साने गुरुजी अंमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, पसारा आवरून ठेवायचे. त्यासाठी सुविचाराचा फळा लागला नव्हता.

‘आनंदी आहे ना, मग वाचन आलं नाही तरी चालेल’

उत्साही शिक्षकांची ही खास चूक. मीही दोन वर्षं याच नशेत होतो. गाणी, नाटुकली, परसबाग, किल्ले, सगळं होतं. पाचवीत गेल्यावर त्यातल्या सात मुलांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती. पुढच्या शाळेतल्या बाईंनी मला फोन केला, रागावल्या नाहीत, फक्त नावं वाचून दाखवली.

वाचता न येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला जी लाज वाटते ती त्याच्या विकासात मोजायची की नाही? असं मूल पोट दुखतंय म्हणतं, पुस्तक विसरतं, वाचनाची पाळी आली की लघवीला जातं. ही सगळी वर्तनाची तक्रार नसून वाचनाची आहे. म्हणून रोज सकाळी वीस मिनिटं, काहीही झालं तरी, मूल ज्या पायरीवर आहे त्या पायरीचं वाचन. मोठ्याने आणि एकट्याने, म्हणजे माझ्या शेजारी बसून, वर्गासमोर उभं राहून नाही. परसबाग त्यानंतर.

पालकसभेत तक्रारींचं वाचन

पूर्वी मी प्रगतिपत्रक समोर ठेवून सुरुवात करायचो: लक्ष नाही, अक्षर वाईट, बोलत नाही. बाकीचे पालक ऐकत असायचे, आई पदराशी चाळा करत मान हलवायची आणि घरी गेल्यावर मुलाला दोन फटके बसायचे. आता सभेत हजेरी आणि पोषण आहार एवढंच बोलतो. मुलाविषयी बोलायचं ते एकेका पालकाशी, तेही आधी खिशातल्या कार्डावरची एखादी ओळ सांगून. मग एकच प्रश्न: “घरी कसा असतो?”

मागच्या वर्षी एका कोऱ्या पानाच्या मुलाच्या वडिलांना असंच विचारलं. मी त्यांना सांगणार होतो की पोरगं फार शांत आहे. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “गुरुजी, घरी तोंड मिटत नाही त्याचं. म्हशीला दिवसभरात काय काय घडलं ते सगळं सांगतो. तुमचं पण सांगतो.”

“माझं काय सांगतो?”

ते हसले आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हशीचं नाव विचारलं.