दम्याच्या पंपाचा खर्च कसा कमी झाला: माझा अनुभव

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, आईला जुना दमा आहे. अडचण अशी: ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (दमा आटोक्यात ठेवणाऱ्या नेहमीच्या औषधाचा) पंप महिनाअखेरीच्या आत रिकामा, आणि औषधांच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा त्याचाच. दुकानदाराची सूट, ऑनलाइन कूपन, सगळं करून झालं; फरक किरकोळ. जनऔषधी केंद्रात, म्हणजे ब्रँडशिवाय मूळ नावाने स्वस्त औषधं विकणाऱ्या सरकारी योजनेच्या दुकानात, ब्रँडचं नाव सांगितलं की ‘नाही’ एवढंच उत्तर. अक्षरशः वैताग आला होता.

जमलं ते असं. आधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये (आईची २००+६) आणि फवारा की कॅप्सूल (यंत्रात घालून आतली पूड श्वासाने ओढायची), हे स्पष्ट लिहून घेतलं. मग ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर तेच नाव टाकून किंमत आणि जवळचं केंद्र पाहिलं. फोन करून माल आहे का विचारलं, मगच गेलो. किंमत पाकिटावरून ठरवू नका. एकूण रकमेला डोसच्या संख्येने भागा. आईला कॅप्सूल बरीच स्वस्त पडली, ओढायचं यंत्र वेगळं घ्यावं लागतं तरीही. पण कॅप्सूलला श्वास जोरात ओढावा लागतो, सगळ्यांना ते झेपत नाही. म्हणून आईने डॉक्टरांसमोर ओढून दाखवलं, त्यांनी होकार दिला, तेव्हाच बदल केला. कॅप्सूल गिळायची नाही, हे घरात बजावून ठेवा!

तातडीचा सालब्युटामॉलचा पंप तसाच ठेवलाय. आई चालतोय का बघायला रोज हवेत एक फवारा उडवायची, तेही बंद केलं. नव्या किंवा बरेच दिवस न वापरलेल्या पंपालाच ते लागतं.