डिस्पॅचची नोकरी घेताय? आधी हातात किती येणार ते विचारा

भाच्याला परवा भिवंडीच्या एका गोडाऊनमधून फोन आला, डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह, म्हणजे माल गाडीत भरून कागदांसकट रवाना करणारा, वीस हजार पगार. घरात लगेच पेढे आणायची भाषा सुरू. मी म्हटलं थांब रे, वीस म्हणजे कसले वीस ते तर विचार. विचारलं तर एचआरवाली म्हणाली सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च.

आता हे कागदावर मांडून बघा. बेसिक म्हणजे मूळ पगार १४,०००, एचआरए म्हणजे घरभाडं भत्ता २,०००, म्हणजे ग्रॉस, कापाकापीआधीचा पगार, १६,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १,६८०, कंपनीचं ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सव्वातीन टक्क्यांनी ५२०, पीएफचे बारीकसारीक चार्जेस, बोनस, ग्रॅच्युइटी हे सगळं जोडलं की आकडा वीसच्या आसपास जातो. आणि हातात? १६,००० मधून तुमचा पीएफ १,६८०, ईएसआयसी १२०, प्रोफेशनल टॅक्स २०० गेले, उरले बरोब्बर १४,०००. मुलगी असेल तर १४,२००, कारण महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना प्रोफेशनल टॅक्स नाही. (फेब्रुवारीत तो २०० चा ३०० होतो, तेव्हा शंभर रुपये कमी आले म्हणून अकाउंटवाल्याशी भांडू नका, मी भांडलोय.) म्हणून फोनवर एकच प्रश्न, "मॅडम, इनहँड किती आणि बेसिक किती?" बेसिक विचारायचंच, पीएफ त्याच्यावर असतो.

आता या लाइनला पुढे स्कोप आहे का, हे सगळे विचारतात. माझं मत सांगतो. नुसतं बसून बिलं टाइप करायची, एक्सेलमध्ये एंट्र्या मारायच्या, ते काम आटत चाललंय. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं, ते सॉफ्टवेअरमधूनच निघतं आणि त्याच्याबरोबर ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने नेताना लागणारा ऑनलाइन कागद, तोही निघतो, मग चार क्लार्क कशाला पोसतील. हे काही पहिल्यांदा होत नाहीये, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचा जकात नाका बंद झाला, तेव्हा नाक्यावर कागद पास करून देणाऱ्या पोरांची कामं एका रात्रीत गेली होती.

पण गाडी अडकते ना, ती सॉफ्टवेअर सोडवत नाही. एकदा रात्री साडेअकराला ड्रायव्हरचा फोन, कसारा घाटात क्लच गेला, नाशिकचा माल आत. दुसरी गाडी बोलावली, माल त्या गाडीत चढवला, पण ई-वे बिलावर नंबर जुन्या गाडीचा. बिलाच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, नवीन नंबर टाकल्याशिवाय गाडी हलवली आणि रस्त्यात पकडली की दंड. आमच्यातल्या एका पोराने घरूनच मोबाईलवर पार्ट बी अपडेट केलं, ड्रायव्हरला पीडीएफ पाठवलं, झोपून गेला. पुढच्या इन्क्रिमेंटला त्याचं नाव वर होतं, टायपिंग त्याचं कासवासारखं होतं तरी.

म्हणून जॉइन व्हायच्या आधी हे शिका: टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट, आणि ई-वे बिल नीट. ५०,००० च्या वरच्या मालाला ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मात्र एक लाखाच्या वर. २०० किलोमीटरला एक दिवस व्हॅलिडिटी, म्हणजे भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर, चार दिवस. संपायच्या आठ तास आधी ते आठ तासांनंतर एवढ्यातच वाढवता येतं, हे जो लक्षात ठेवतो त्याला रात्रीचे फोन येतात, आणि पगारही त्याचाच वाढतो. एलआर (ट्रान्सपोर्टची पावती), पीओडी (माल पोचल्याची सही), काट्याची म्हणजे वजनाची पावती, हॉल्टिंगचा म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांचा हिशोब हे आत गेल्यावर महिन्याभरात येतं. एमएससीआयटी कागदावर असू द्या, पण त्याच्यावर पगार वाढत नाही.

समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला, आमणे म्हणजे भिवंडीच्या दारात. त्यामुळे गाड्या काही कमी व्हायच्या नाहीत असं मला वाटतं. चाकण, रांजणगाव, बुटीबोरीलाही बघा, मुंबईत घरभाडं देण्यापेक्षा परवडतं.

पेरोल कुणाचा ते विचारा. गोडाऊनवर बोर्ड मोठ्या कंपनीचा असतो आणि पगार देतो कंत्राटदार. तसं असलं तरी चालेल, पण अपॉइंटमेंट लेटर हातात पाहिजे आणि यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर पहिल्या महिन्यात. पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघा, स्लिपमध्ये पीएफ कापलेला दिसतो आणि खात्यात भरलेलाच नसतो, हे माझ्या बाबतीत सात महिने चाललं. फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, घेत असतील तर नवीन लेबर कोडप्रमाणे, म्हणजे कामगार कायद्यांप्रमाणे, जे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयसी सुटतं, तेव्हा आधीच घरच्यांचा मेडिक्लेम बघून ठेवा.

मंथएंडला बारा-बारा तास बसवतात. ओव्हरटाइम कायद्याने डबल रेटने आहे, बरेच जण "कॉम्प ऑफ घे", म्हणजे पैशांऐवजी सुट्टी घे, म्हणून गुंडाळतात. इंटरव्ह्यूतच विचारा, थोडं वाईट दिसेल, दिसू द्या.

आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. गेटसमोरच्या टपरीवर चहा घ्या, तिथे लोडिंगसाठी थांबलेले ड्रायव्हर असतात. गाडीचं भाडं कधी सोडतात, गाडी किती वेळ उभी ठेवतात, हे त्यांना विचारा, कंपनी पैसे कशी देते ते त्यातून कळतं. भाच्याने विचारलं तर एक जण म्हणाला तीन महिन्यांचं भाडं अडकलंय. भाचा चहा पिऊन तसाच घरी आला, पेढ्यांचे पैसे वाचले.