पहिली तोफ निवडताना आधी गाडा बघा

प्लास्टिक किटमधून पहिलं लष्करी मॉडेल करायचं असेल, तर रणगाड्यापेक्षा तोफ बरी. पट्ट्याच्या कड्या जोडत बसावं लागत नाही, चाकं बहुधा दोनच आणि रंगही बहुतेक वेळा एकच. मात्र तोफ उघडी असते. रणगाड्याच्या पोटातली चूक झाकून जाते, तोफेचा सांधा चारही बाजूंनी दिसतो. म्हणून तोफेचं नाव किती गाजलंय हे बाजूला ठेवून ती कशावर उभी राहते ते आधी पाहावं.

नळी ज्या चाकांच्या सांगाड्यावर बसते तो गाडा, आणि गाड्याच्या मागच्या दांड्याला ट्रेल म्हणतात. काही तोफांचा ट्रेल एकसंध असतो, काहींचा दोन पायांसारखा फाकतो. एकसंध ट्रेलची तोफ दोन चाकं आणि ट्रेलचं टोक अशा तीनच ठिकाणी टेकते, त्यामुळे तिपाईसारखी कशीही ठेवली तरी डगमगत नाही. फाकणाऱ्या ट्रेलची तोफ चार ठिकाणी टेकते. जोडताना एक पाय अर्धा मिलिमीटर जरी वर राहिला, तरी एक चाक हवेत. खऱ्या तोफेत उंचसखल जमिनीसाठी गाड्यात सोय केलेली असते. मॉडेलमध्ये मात्र सिमेंट, म्हणजे प्लास्टिक किंचित वितळवून जोडणारा मॉडेलचा गोंद, वाळलं की सगळं जिथल्या तिथे जखडतं. नवशिक्यांच्या वाकड्या तोफांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

म्हणून पहिल्यांदा घ्यावी ती ब्रिटिश २५ पौंडर. ट्रेल एकसंध, ढाल लहान, रंग गडद हिरवा. शिवाय ही आपल्या सैन्याचीही तोफ. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ती भारतीय तोफखान्याकडे होती. तामिया या जपानी कंपनीचं १/३५ मापाचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) किट १९७० च्या दशकातलं आहे. बारकावे आजच्या मानाने कमी, पण त्यामुळेच तुकडेही कमी, आणि पहिल्या खेपेला तेच हवं. ब्राँको कंपनीच्या किटमध्ये बारकावे कितीतरी जास्त आहेत, पण सोबत पितळेच्या कोरीव पट्ट्याही येतात. त्या वाकवायच्या आणि फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवायच्या, हे कौशल्य वेगळं आहे. ते तिसऱ्या-चौथ्या मॉडेलसाठी ठेवा.

मापाचा हिशोब सोपा आहे. खऱ्या २५ पौंडरची लांबी सुमारे ४.६ मीटर. १/३५ मध्ये ती साधारण १३ सेंटिमीटर होते, १/७२ मध्ये साडेसहाच्या आत. तेरा सेंटिमीटरची तोफ पुस्तकांच्या फळीवर सहज मावते आणि तिचे तुकडे बोटांत धरता येतात. १/७२ मध्ये दृष्टियंत्राचा तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान असू शकतो, चिमट्यातून उडाला की फरशीवर सापडत नाही. तरीही खर्च आणि जागा दोन्ही कमी हवं असेल, तर झ्वेझ्दा या रशियन कंपनीची १/७२ मधली सोव्हिएत तोफ झिस-३ चालेल. ट्रेल फाकणारा आहे, पण किट दाबून बसवायचं आहे आणि तुकडे मोजके. खाचा घट्ट असल्या तरी प्रत्येक सांध्याला सिमेंटचा एक थेंब द्या, नाहीतर रंगवताना तुकडे निसटतात.

जर्मन ७५ मिलिमीटर पाक ४० दुसरी तोफ म्हणून उत्तम. ठेंगणी, देखणी, तामियाची आवृत्ती सहज जुळणारी. फक्त फाकलेला ट्रेल आणि मोठी ढाल सांभाळावी लागते. ८८ मिलिमीटरच्या फ्लाकचा, म्हणजे जर्मन विमानविरोधी तोफेचा मोह मात्र पहिल्या वेळी टाळाच. चित्र पाहून पेटी उचलली जाते आणि घरी आल्यावर कळतं की चौफुली बैठक, ओढायच्या दोन चाकगाड्या आणि नेम लावायच्या चाकांची गर्दी अशी तीन मॉडेलं एकाच पेटीत आहेत. सोव्हिएत डी-३० लाही तीनच पाय आहेत, पण ते उघडतात, मिटतात आणि चाकं वर उचलली जातात, त्यामुळे तिथे तीन टेकूंचा फायदा पहिल्या वेळी पदरात पडत नाही. कारगिलमुळे मनात घर केलेल्या बोफोर्सच्या गाड्याला स्वतःचं इंजिन आहे. एवढी गुंतागुंत पहिल्या मॉडेलला नको.

पेटी घेण्याआधी आतल्या फ्रेमांचे (तुकडे ज्यांना चिकटलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटींचे) फोटो आणि जोडणीचं पत्रक पाहा. दोन्ही बहुधा इंटरनेटवर मिळतात. तुकड्यांची संख्या शंभराच्या आत असेल तर ठीक. मग नळी बघा. ती अखंड आहे की दोन फाकांत? जुन्या साच्यांत बहुधा दोन फाका असतात, आणि तोफेचं सगळं रूप नळीत असल्यामुळे हा सांधा मन लावून करावा लागतो. दोन्ही फाका जुळवून सांध्यावर पातळ सिमेंट सोडा आणि हलके दाबा. वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर आली पाहिजे. ती पुसू नका, तिनेच फट भरते. २४ तास हात लावू नका. घाईने घासलं तर आतलं मऊ प्लास्टिक नंतर आकसतं आणि रंगाखाली चर उमटतो. मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरची पट्टी नळीभोवती गुंडाळून, जोडे पुसतात तशी मागेपुढे ओढा. नंतर ६००, शेवटी १०००. सपाट ठोकळ्याने घासलं तर गोल नळीला पैलू पडतात. तोंड बुजलेलं असेल तर हाताच्या ड्रिलने उघडा: २५ पौंडरचा व्यास ८७.६ मिलिमीटर, म्हणजे १/३५ मध्ये अडीच मिलिमीटरचं बिट. आधी सुईने मध्य टोचून घ्या, नाहीतर बिट घसरतं.

ढालीकडेही बघा. किटमधली ०.८ मिलिमीटर जाडीची ढाल १/३५ मध्ये २८ मिलिमीटर जाड पोलाद होते. खऱ्या ढाली यापेक्षा कितीतरी पातळ असतात. मागच्या बाजूने फक्त कडा तिरप्या घासल्या की समोरून ढाल पातळ दिसते. चाकांचे टायर मऊ रबरासारखे असण्यापेक्षा प्लास्टिकचे बरे. काही मऊ टायर वर्षानुवर्षं प्लास्टिकला टेकून राहिले की रिम वितळवतात.

तोफ कूच करतानाची करायची की गोळा डागतानाची, हे पहिला तुकडा कापण्याआधीच ठरवा. २५ पौंडरच्या बाबतीत तर यावरच सगळं अवलंबून आहे: जिच्यावर चाकं टेकवून तोफ चटकन वळवता येते ती तिची गोल थाळी कूच करताना ट्रेलखाली लटकते आणि डागताना चाकांखाली येते. पत्रकात दोन्ही पर्याय असतील तर नको त्यावर पेन्सिलने फुली मारा. नळी वरखाली हलती ठेवायची असेल तर ज्या खुंट्यांवर ती झुलते तिथे सिमेंट अजिबात जाऊ देऊ नका. पातळ सिमेंट बारीक फटीतून आत धावतं. खुंटी सैल असून नळी खाली झुकत असेल, तर एका कोनात कायमची चिकटवा. हलती पण मान टाकलेली तोफ बरी दिसत नाही.

ग्वाल्हेरकरांना शिंद्यांच्या तोफा कराव्याशा वाटणारच. आपलं लष्कर हा शहराचा भागच दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीतून वसला. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहारच्या लढायांत इंग्रजांच्या हाती पडलेल्या तोफांचा धातू पुढे कोलकात्यातल्या ग्वाल्हेर स्मारकात वापरला गेला. त्या काळच्या लाकडी गाड्याच्या तोफेला नेपोलियनच्या काळातलं १/७२ चं किट जवळचं पडतं, आणि त्या गाड्याही तीनच ठिकाणी टेकतात. मात्र या मापाच्या सैनिकांच्या पेट्या पुष्कळदा मऊ, लवचिक प्लास्टिकच्या असतात. त्यावर मॉडेलचं सिमेंट धरत नाही आणि रंग सोलून निघतो. पेटी कडक प्लास्टिकची आहे याची खात्री करूनच घ्या.

पैशांची वाटणी करताना हत्यारांसाठी वेगळी रक्कम ठेवा. फ्रेम कापायचा कटर, बारीक ब्लेडचा चाकू, चिमटा, पातळ सिमेंट, मास्किंग टेप आणि एक जाड सपाट काच एवढं लागतं. वॉटर पेपर हार्डवेअरच्या दुकानातला चालतो. जोडलेल्या गाड्याचं सिमेंट ओलं असतानाच तो काचेवर ठेवून चाकं आणि ट्रेल टेकतात का ते बघा; पाच मिनिटांच्या आत दुरुस्ती होते, नंतर नाही. रंगाच्या स्प्रेचा डबा आणि ज्वलनशील सिमेंट विमानाने पाठवत नाहीत, तेव्हा ते किटच्या आधी मागवा.

आपल्या ग्वाल्हेरच्या हवेचाही विचार करा. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या घरात असताना अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पहाटे रंगवा, रंग थोडा जास्त पातळ करा. पावसाळ्यात मॅट वार्निशवर पांढरी धूसर झाक येते, ते काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात स्प्रेचा डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा करा; उकळत्या पाण्यात कधीही नाही.

पेटी आली की सील फोडून लगेच फ्रेमा पत्रकाशी ताडून बघा, कारण काही कमी असल्याचं आठवड्यानंतर सांगितलं तर दुकानदार ऐकत नाहीत. उन्हातल्या गाडीत पडून राहिल्यामुळे नळी किंवा ट्रेल वाकला असेल, तर हाताला चटका बसेल इतपतच गरम पाण्यात तो अर्धा मिनिट बुडवा, काचेवर सरळ दाबून धरा आणि तसाच थंड पाण्यात घाला. एका खेपेत पूर्ण सरळ झाला नाही तर जोर न लावता पुन्हा तेच करा.