धुऱ्याचा वाद? कॅव्हेट टाकून ठेवा

शेजारचा वावरवाला धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) कोर्टात जाणार अशी कुणकुण लागली, तर त्यानं मनाई हुकूम आणेपर्यंत वाट पाहू नका. त्याच दिवाणी कोर्टात वकिलामार्फत आधीच कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, टाका. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८-अ सांगतं, की मग त्याच्या अर्जाची नोटीस तुम्हाला मिळायलाच हवी. हुकूम अडतोच असं नाही. तुमची बाजू ऐकली जाते, एवढंच. पण तेही थोडं नाही.

कॅव्हेटची नोटीस समोरच्याला रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवावी लागते. पावती सांभाळा, लोक नेमके इथंच गाफील राहतात. मुदत ९० दिवस. मृगात टाकलेलं कॅव्हेट पोळ्याच्या आसपास संपतं. भांडण मिटलं नसेल तर नवं टाका. सुनावणीसाठी सातबारा अन् मोजणीचा नकाशा तयार ठेवा.